आपला प्रश्न आपणच विचारायला हवा



१९९९च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठं काम सुरू झालं. ३० ते ५९ वयाच्या, अंगावर कसलीही तक्रार नसलेल्या बायकांना गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल सांगायचं आणि तपासणीला बोलवायचं, असं ते काम. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्यों शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ते मिळून हाती घेतलं होतं. ज्या अवयवाचं नाव घरात उच्चारलं जात नाही, त्याची तपासणी करून घ्यायला या बायका रोजगार बुडवून आल्या. अभ्यासात एकूण १,३१,७४६ जणी होत्या.

गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार भागांत वाटले. पहिल्या भागात या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची तपासणी झाली, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं पातळ आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या भागातल्या गावांत नेहमीचीच आरोग्यसेवा चालू राहिली. आठ वर्षांनी हिशेब मांडला. एचपीव्ही तपासणीच्या भागात ३४,१२६ बायका होत्या. त्यांच्यापैकी ३४ जणी या कॅन्सरनं गेल्या. चौथ्या भागात ३१,४८८ बायका होत्या. त्यांच्यापैकी ६४ जणी गेल्या.

आयुष्यात एकदाच केलेल्या एका तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, याचा पुरावा २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. तो धाराशिवच्या बायकांनी दिला होता. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं याच तपासणीला पहिली पसंती दिली. आणि आपण काय केलं? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी शंभरात जेमतेम दोघींनी गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी कधीतरी करून घेतल्याचं आढळलं. २०२२ या एका वर्षात भारतात या कॅन्सरचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे.

उत्तर आपल्या गावांनी दिलं आणि ते जगभर गेलं. आपल्या गावांत मात्र ते परत आलं नाही.

मी डॉक्टर नाही. परळच्या फुटपाथवर अंथरूण टाकून राहणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना लागेल ती मदत करणारी एक कार्यकर्ती आहे. त्या अधिकारानं मी आज तुमच्याकडे दोन गोष्टी मागते आहे. आपल्या रुग्णांना पडलेल्या प्रश्नांवर आपल्या देशात, आपल्या पैशानं संशोधन व्हावं, ही पहिली. त्या संशोधनातून निघालेलं उत्तर, ज्यांनी आपलं शरीर त्यासाठी पुढे केलं त्यांच्या दारापर्यंत पोचावं, ही दुसरी. दोन्ही आपल्या हातातल्या आहेत, आणि दोन्हींना उशीर झालेला आहे.

प्रश्न कुणाचा, हा मुद्दा मी का काढते ते सांगते. कॅन्सरवरच्या उपचारांची कसोटी घेणारे मोठे, शेवटच्या टप्प्यातले ६९४ अभ्यास २०१४ ते २०१७ या काळात जगात प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ६३६ श्रीमंत देशांच्या नेतृत्वाखाली झाले. बाकीच्या साऱ्या जगाच्या, म्हणजे भारत, चीन, आफ्रिका, दक्षिण अमेरिका या सगळ्यांच्या वाट्याला आले फक्त ५८. संशोधनाचा खर्च बहुतेक वेळा औषध कंपनी करते, आणि कंपनी तोच प्रश्न विचारते ज्याच्या उत्तरातून विकण्याजोगं औषध निघेल. त्यात कुणी पाप करतं असं मी म्हणत नाही. तो त्यांचा व्यवसाय आहे. पण ज्या औषधाचं पेटंट कधीच संपलं, जे चार पैशांत मिळतं, त्याचा नवा उपयोग कुणी शोधायचा? महागड्या औषधाची मात्रा कमी करून चालेल का, हे कोणती कंपनी विचारेल? मुख्यतः तंबाखू, गुटखा आणि मशेरीनं होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरचे वर्षाला १ लाख ४० हजारांहून जास्त नवे रुग्ण आपल्याकडे होतात. युरोप-अमेरिकेला या कॅन्सरची घाई का असावी?

आपल्या लोकांनी असे प्रश्न विचारले तेव्हा काय झालं, तेही पाहा.

तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला, मानेत गाठ नाही, तर मानेतल्या ग्रंथी त्याच शस्त्रक्रियेत काढून टाकाव्यात की गाठ येईपर्यंत वाट पाहावी, यावर सर्जनांचा वाद पन्नास वर्षं चालू होता. टाटा मेमोरियलमध्ये त्याचा निकाल लागला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ग्रंथी आधीच काढलेल्या रुग्णांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. वाट पाहिलेल्यांपैकी साडेसदुसष्ट टक्के. आज जगभरचे सर्जन या अभ्यासाचा आधार घेतात.

स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती लिडोकेन टोचायचं. दात काढताना हिरडीत टोचतात तेच हे बधिर करणारं औषध. तालुक्याच्या दवाखान्यातही असतं. देशातल्या ११ केंद्रांत सोळाशेच्या आसपास बायकांवर हा अभ्यास झाला आणि २०२३ साली छापला गेला. इंजेक्शन न दिलेल्यांपैकी पाच वर्षांनी ८६.४ टक्के हयात होत्या, दिलेल्यांपैकी ९०.१ टक्के. शंभर बायकांमागे जवळपास चार जीव, आणि तेही इतक्या स्वस्त इंजेक्शननं. या प्रश्नावर कोणत्याही कंपनीनं पैसे लावले नसते.

तिसरं उदाहरण प्रतिकारशक्ती जागी करणाऱ्या निव्होलुमॅबचं. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. खर्च असा, की आपल्यासारख्या देशांत शंभरात एक ते तीन रुग्णांपर्यंतच असली औषधं पोचतात. टाटाच्या डॉक्टरांनी विचारलं, दर तीन आठवड्यांना २० मिलिग्रॅम दिलं तर? डोकं आणि मानेचा कॅन्सर पुढे गेलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास झाला. नेहमीच्या स्वस्त गोळ्यांवर असलेल्यांपैकी वर्षभरानं १६ टक्के हयात होते. त्याच गोळ्यांच्या जोडीला ही अल्प मात्रा मिळालेल्यांपैकी ४३ टक्के. हे रुग्ण बरे झाले असं नाही. पण घरातल्या माणसाला अजून काही महिने मिळणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात घडलंय त्यांना मी समजावून सांगायची गरज नाही.

हे सगळं आपल्या मातीत नवं नाही. परळला १९५२ साली कॅन्सर संशोधन केंद्र उभं राहिलं ते डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या पुढाकारानं. त्याच केंद्रात पुण्याच्या कमल रणदिवे यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागात कॅन्सर किती आणि कोणता, हे त्याआधी कुणी मोजलंच नव्हतं. त्या नोंदणीच्या पायावरच पुढे धाराशिवचा अभ्यास उभा राहिला.

पण असं काम एकदा उभं राहिलं की कायमचं टिकतं, असं समजू नका. युगांडाचं उदाहरण आहे. १९५८ साली डेनिस बर्किट या सर्जननं तिथल्या लहान मुलांच्या जबड्यात होणाऱ्या कॅन्सरचं वर्णन केलं. तिथून लंडनला गेलेल्या नमुन्यांतून १९६४ साली माणसात कॅन्सरशी जोडलेला पहिला विषाणू सापडला. १९६७ साली कंपालात कॅन्सर संस्था निघाली, आणि औषधांनी कॅन्सर बरा होऊ शकतो हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या कामात तिचा मोठा वाटा होता. मग इदी अमीनची राजवट आली, डॉक्टर देश सोडून गेले, पैसा आटला. २०१६ साली त्या देशातलं एकमेव रेडिएशनचं मशीन बंद पडलं आणि दीड वर्षाहून जास्त काळ नवं सुरू झालं नाही. ज्यांनी जगाला शिकवलं, त्यांच्याच रुग्णांना उपचारासाठी परदेश गाठावा लागला. कामाला कणा समाजानं आणि सरकारनं द्यायचा असतो. तो मोडला की विद्वत्ता एकटी काही करू शकत नाही.

आता अविश्वासाबद्दल बोलते, कारण तुमच्या मनात तो असणार आणि तो रास्त आहे. 'आमच्यावर प्रयोग करतात' हे वाक्य मी रोज ऐकते. माझ्या मावशीच्या वेळी एका रुग्णालयात संमतीचा कागद काकांसमोर ठेवला, त्यांनी सही केली. ती कसली सही होती हे मावशीला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. कागद मराठीत होता, पण ती मराठी कुणी बोलत नाही. २००१ साली तिरुवनंतपुरमच्या कॅन्सर केंद्रातलं प्रकरण उघड झालं. तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर एक नवं रसायन वापरलं गेलं होतं आणि त्यासाठी अमेरिकेतल्या संबंधित विद्यापीठाच्या नीती समितीची मंजुरी नव्हती. धाराशिवच्या आणि मुंबईत झालेल्या तशाच तपासणीच्या अभ्यासावरही टीका झाली. तपासणीचा फायदा होतो हे ठाऊक असताना एका गटाला ती न देणं योग्य होतं का, असा सवाल जाणकारांनी केला. तो गंभीर सवाल आहे, आणि त्याला 'विज्ञानासाठी' एवढंच उत्तर पुरत नाही.

तरीही संशोधनापासून पळून जाणं हा मार्ग मला पटत नाही. संशोधन आपल्या डोळ्यांसमोर, आपल्या अटींवर व्हायला हवं. २०१९ पासून नवी औषधं आणि क्लिनिकल ट्रायल यांचे नियम लागू आहेत. अभ्यासातून कधीही बाहेर पडायचा तुम्हाला हक्क आहे, आणि बाहेर पडलात म्हणून तुमचे उपचार कुणी अडवू शकत नाही. अभ्यासामुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळायला हवी. संमतीपत्राची प्रत तुमच्या हातात पडायला हवी. नीती समितीत बाहेरची माणसं आणि सामान्य नागरिकही असायला हवेत. हे हक्क कागदावर आहेत. ते मागणारी माणसं हवीत.

विश्वास टिकला तर काय होतं, याचाही दाखला आपल्याच गावांत आहे. २००९ साली भारतात नऊ ठिकाणी, त्यांत पुणे आणि बार्शीही, एचपीव्ही लशीचा अभ्यास सुरू झाला. दोन डोस पुरतात की तीन लागतात, एवढाच प्रश्न होता. २०१० साली आंध्र प्रदेश आणि गुजरातमधल्या एका वेगळ्याच लसीकरण प्रकल्पात सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्यांचा लशीशी संबंध आढळला नाही. पण वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डननं सह्या केल्याचं बाहेर आलं. सरकारनं देशातल्या एचपीव्ही लशीच्या सगळ्या अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं. त्यामुळे ४,९४९ मुलींना एकच डोस मिळून राहिला.

या मुलींच्या घरच्यांनी अभ्यासाकडे पाठ फिरवली असती तर कुणी दोष दिला नसता. पण मुली येत राहिल्या. मोठ्या झाल्या, लग्नं झाली, सासरी गेल्या, तरी येत राहिल्या. दहा वर्षांनी, २०२१ साली, निकाल आला. सर्वांत घातक अशा दोन एचपीव्ही प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एका डोसनं ९५.४ टक्के संरक्षण दिलं होतं. पुढच्या वर्षी केनियातल्या अभ्यासानंही एका डोसचाच कौल दिला, आणि २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसचा पर्याय मान्य केला. जिथे दोन डोसांना पैसे नाहीत अशा देशांतल्या मुलींना आज त्याचा लाभ होतो आहे. मोडलेल्या अभ्यासातून हे निघालं, कारण कुणीतरी दहा वर्षं पत्ते शोधत राहिलं आणि कुणीतरी दहा वर्षं दार उघडत राहिलं.

या कामाचा जीव असतो पाठपुराव्यात. उपचार संपले, रुग्ण गावी गेला, फोन नंबर बदलला, की तो अभ्यासातून गळतो. जगला की गेला, हे कळत नाही. असे रुग्ण वाढले की वर्षांची मेहनत मातीमोल होते. यंत्रं लागतात, औषधं लागतात, पण सगळ्यात जास्त लागतात ती गावापर्यंत जाणारी माणसं आणि एसटीच्या भाड्याचे पैसे. आपल्या आवाक्यातलं काम नेमकं तिथेच आहे. म्हणून आता नाव घेऊन मागते.

रुग्णांनो आणि घरच्यांनो, डॉक्टरांना विचारा, 'माझ्या आजारावर इथे काही अभ्यास चालू आहे का?' असेल तर घाईनं हो म्हणू नका आणि घाबरून नाहीही म्हणू नका. संमतीपत्र घरी न्या, घरातल्या शिकलेल्या मुलीला मोठ्यानं वाचायला सांगा, कळलं नाही तिथे खूण करा आणि पुन्हा जाऊन विचारा. सही रुग्णाची हवी, काकांची नको. भारतातल्या अभ्यासांची सरकारी नोंदवही, सीटीआरआय, इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. तुमचा अभ्यास तिथे नोंदलेला आहे का ते बघा. आणि एकदा सामील झालात तर शेवटपर्यंत या. नंबर बदलला तर कळवा. माणूस गेलं तरी कळवा. ते कळवणं फार कठीण असतं, हे मी जाणते. तरीही कळवा.

आशाताई, शिक्षक, सरपंच आणि बचत गटांच्या भगिनींनो, तुमच्या गावात उपचार घेऊन परतलेला रुग्ण कोण, हे तुम्हालाच ठाऊक असतं. त्याची पुढची तारीख चुकू देऊ नका. तिशीच्या पुढच्या बायकांची गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी ग्रामसभेत विषय म्हणून घ्या आणि आरोग्य केंद्रात ती कधी होते हे लेखी मागा.

जिल्ह्या-तालुक्यातल्या डॉक्टरांनो, संशोधन मुंबईतच होतं हा समज सोडा. देशातली तीनशेहून जास्त कॅन्सर केंद्रं नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये जोडलेली आहेत. तुमच्या ओपीडीतले साधे प्रश्न, म्हणजे कोणता रुग्ण अर्धवट उपचार सोडतो, का सोडतो, कोणती स्वस्त गोळी खरंच काम करते, हेच उद्याचे अभ्यास आहेत. नोंदी नीट ठेवा. मराठीत बोला, मराठीत लिहा, रुग्णाला कळेल असं.

देणगीदारांनो, गणेश मंडळांनो, देशोदेशींच्या महाराष्ट्र मंडळांनो, तुमच्यासारख्यांच्याच पैशातून दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती हजारो रुग्णांना आसरा देत आली आहे. तोच हात आता संशोधनाकडेही वळवा. इमारतीच्या कोनशिलेवर नाव कोरण्याइतकं यात दिसण्यासारखं काही नाही. एका समन्वयकाचा वर्षाचा पगार, शंभर रुग्णांचं फेरतपासणीचं भाडं, संमतीपत्राचं सोप्या मराठीत, अहिराणीत, गोंडीत रूपांतर, हे खर्च छोटे आहेत आणि त्यांवाचून अभ्यास अडतो. पैसे सरकारी किंवा विश्वस्त रुग्णालयाच्या संशोधन निधीला थेट द्या, पावती घ्या, आणि वर्षाअखेरीस विचारा, 'काय कळलं?'

लोकप्रतिनिधींनो, अभ्यास संपला, निकाल छापून आला, आता आपल्या राज्यात तो केव्हा लागू होणार, हा प्रश्न विधिमंडळात एकदा तरी विचारा. ज्या जिल्ह्यानं पुरावा दिला त्या जिल्ह्याला ती तपासणी आधी मिळावी, ही मागणी करायला वेगळ्या कायद्याची गरज नाही.

धाराशिवच्या त्या ६४ जणींची नावं कोणत्याही शोधनिबंधात नाहीत. ती नसावीत, हेच योग्य आहे. त्यांच्या मृत्यूनं सिद्ध झालेली गोष्ट आज जगभरातल्या बायकांना वाचवते आहे. त्यांच्यापैकी अनेकींच्या लेकी आता तिशी-चाळिशीत असतील. आपली आई ज्या आजारानं गेली त्याची एक साधी तपासणी असते, आणि ती उपयोगी आहे हे आईच्याच गावानं जगाला दाखवलं, हे त्यांना कुणी सांगितलं आहे का? या आठवड्यात तुमच्यापैकी कुणीतरी त्या दारात जा आणि विचारा, 'ताई, तुमची तपासणी झाली का?' झाली नसेल, तर तिला सोबत घेऊन या.

तुमची,
परळमधली एक कार्यकर्ती